रिकामं वजन

घोरपडी यार्डाच्या फाटकाशी, तीस फूट रुळावर
ती आता कायमची उभी केलीय.
चार चाकं, पाठीवर वशिंड, कुशीला एकच शिडी.
नव्या साहेबांनी घरी माणूस धाडला :
तुम्हीच लिहायचात ना टाक्यांवर? पुन्हा लिहा.
मी सत्त्याहत्तरचा. कप धरला की हात थरथरतो,
ब्रश धरला की थांबतो. गेलो.

गोल अंगावर सरळ ओळ लिहिणं
सांगून कळत नाही कुणाला.
पोटापाशी अक्षर अंगावर येतं, वर गेलं की पाठ फिरवतं.
म्हणून वरचं बोटभर उंच काढायचं,
खालून बघणाऱ्याला मग सगळी सारखी.
रिकामं वजन. किती भरायचं. कधी धुतली.

धुतल्याची तारीख शमुवेल साळवे सांगायचा.
तोच आत उतरायचा, वशिंडाच्या झाकणातून :
आधी पाय, मग कंबर, मग वर केलेले दोन हात.
कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या मुठीत.
शिडीला बांधायचं नाही, असा त्याचाच नियम.
एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढ.
आदला दिवसभर वाफ सोडलेली असायची,
तरी रॉकेल दातांना लागायचं.

आत भिंती आहेत, तो सांगायचा,
आडव्या, भोकं पाडलेल्या.
बोरघाटात ब्रेक लागला की सगळं तेल पुढं धावतं.
भिंती त्याला अडवत नाहीत,
नुसतं विचारतात, कुठं निघालास?
भरलेली टाकी बरी, रिकामी त्याहून बरी,
अर्धीचं काही खरं नाही.
उथळ पाण्याला खळखळाट, तो हाच.

आणि वशिंड?
मला वाटायचं, उंटासारखं, साठवणीला.
साठवायला नाही रे. मोकळं सोडायला.
पहाटे गारव्यात भरलेलं तेल
दुपारी लोणीच्या सायडिंगला उभ्या उभ्या फुगतं.
त्याला वर सरकायला जागा नको?
मी म्हटलं, माणसालाही हवं होतं असं एखादं.
तो हसला नाही. म्हणाला, दोर नीट धर.

त्या कोरड्या वर्षी हुकूम आला, पाणी भरा.
सात टाक्या धुतल्या. वाफ, सोडा, लाकडाचा भुसा, पुन्हा वाफ.
मी निळ्यात लिहिलं : पिण्याचे पाणी.
खालचं ‘ज्वालाग्राही’ खरवडलं होतं,
ऊन तिरपं झालं की तरीही वाचता यायचं.
चौथ्या दिवशी तिकडून निरोप :
पाणी पोचलं. एक बाई विचारतेय,
हे प्यायचं, की दिव्यात घालायचं?

यार्डभर हसलो आम्ही.
रविवारी चर्च चुकवून शमुवेल पुन्हा आत,
नारळाचा काथ्या घेऊन.
मी झाकणाशी बसलो. आत तो कुणाशी बोलत होता
ते भिंतींना आपटून तुकड्यांनी वर यायचं :
मार्था... साबण... मार्था...

एका थंडीत मात्र फजिती झाली.
धुतलेली टाकी काट्यावर घेतली,
आकडा अर्धा क्विंटल जास्त.
बाबूनं दोनदा काटा तपासला, मी लिहूनही टाकलं.
मग झाकणातून जांभई ऐकू आली.
बारा ते दोन, आतल्या उबेत, साहेब झोपले होते.
रंग ओला होता, पुसला.

आज साहेबांनी रजिस्टरातला आकडा कागदावर दिला.
मुलगी हुशार आहे, तिनंच शिडी धरली.
लिहिला. उतरून लांबून पाहिला.
पुन्हा चढलो, रॉकेलच्या बोळ्यानं शेवटचा अंक पुसला
आणि अर्धा क्विंटल वाढवून लिहिला.
आता हिला कोण काट्यावर घेणार आहे?
धुतल्याची तारीख सोडून दिली.

बारा वाजले. पत्रा तापून
आतून टक्, टक् वाजायला लागला.
एकदा. मग थोड्या वेळानं लागोपाठ दोनदा.
माझी मूठ आवळली गेली.